शोकाला पुरेल एवढे अंगण

तिकिम्ती महिना, ३

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाला वंदन, ज्याच्या कृपेने हा हात आजवर लिहिता राहिला. त्याचे नाव आधी, मग माझे सांगणे—

माझा मुलगा किफ्ले गेला.

चार दिवसांपूर्वी जुबाच्या अलीकडे, नदीच्या उतारावर मालवाहू गाडी उलटली. बरोबरच्या लोकांनी तिथेच रस्त्याकडेला माती दिली. मला बाराखीने सांगितले. तो मायदेशातल्या आमच्या सेनाफे गावचाच. इथे कंपालात मसाल्यांचे दुकान चालवतो आणि आमच्या लोकांच्या मंडळाचा प्रमुख आहे. शटर अर्धे ओढून घेतले, मला मसुराच्या पोत्यावर बसवले आणि सांगितले. मी म्हटले, "बरं." त्याने पाणी दिले, ते प्यालो. मग विचारले, हा मसूर यंदाचा की जुना? खरेच विचारले! का, ते ठाऊक नाही.

"सूनबाईंना कसं सांगायचं, मरिगेता?" त्याने विचारले. गायकांचा गुरू म्हणून आमचे लोक मला मरिगेता म्हणतात.

"आत्ता नाही सांगायचं."

त्याला माता मरियमची शपथ घातली. तो हो म्हणाला. घरी आलो. नातीची उजळणी घेतली.

तिकिम्ती ४

आमच्याकडे मरणाची बातमी कुणाच्या हातात अशी नुसती ठेवत नाहीत. त्याला पहाट लागते, म्हणजे रडायला पुढे सबंध दिवस उरतो. चार वडीलधारी लागतात. कोसळणाऱ्या बाईला धरायला बायका लागतात. आणि अंगण लागते—येतील तेवढ्यांना दिवसचे दिवस बसता यावे असे.

इथे आमच्यापाशी काय आहे? पेट्रोल पंपामागची एक खोली. पडद्याच्या अलीकडे मी. पलीकडे अब्रेहेत, किफ्लेची बायको, आणि नऊ वर्षांची फ्रेवेयनी. भिंतीपल्याड कोण राहते तेही माहीत नाही. अब्रेहेतने इथे टाहो फोडला, तर शेजारी भिंत ठोकून गप्प बसा म्हणतील.

गाडीत जागा तीनच होत्या. "तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या गाडीने येतो," असे किफ्ले म्हणाला होता.

तिला हे एकटीने झेलावे लागू नये. परक्या तोंडून, बाजारात, फोनवर कळू नये. बापाच्या हाती आता एवढेच काम उरले आहे. आधी घर. मग माणसे. मग बातमी.

तिकिम्ती ९

घर मिळाले! कान्सांगाच्या चढावर, फणसाच्या झाडामागे. खोल्या दोनच, पण पुढे भिंतीने बंद केलेले प्रशस्त अंगण. मालकीण नालवोगा, विधवा बाई. अंगाने भक्कम, तोंडाने फटकळ. मागच्या खोलीत स्वतः राहते. मला म्झे, म्हणजे आजोबा, म्हणते.

"म्झे, माणसं तुम्ही तीन. एवढं अंगण कशाला? फुटबॉल खेळणार?"

"मुलगा यायचाय."

"एकटाच ना? की पलटण घेऊन येतोय?"

तोच अब्रेहेत म्हणाली, "आबा, हेच घ्या. अंगण हवंच आपल्याला." तिने खोल्यांत नुसते डोकावले. अंगणात मात्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरली. नवऱ्यासाठी घर लावते आहे, असे मनात आले. पुढे काही आले नाही.

"मुलगा यायचाय." किती सहज निघाले तोंडातून!

तिकिम्ती १२, संत मिकाएलचा दिवस

मंडळात नाव घातले. दर महिन्याच्या बाराव्या दिवशी एकेकाच्या घरी जमायचे, एकत्र भाकर मोडायची. कुणाकडे मयत झाली तर मंडप, भांडी, माणसे सगळी मंडळाची. मला स्तोत्र म्हणायचा आग्रह झाला. चर्चमधल्या गायकांना शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, तो मरिगेता नाही कसे म्हणणार? लांब स्वराचे, अवघड वळणांचे जुने स्तोत्र धरले. कुठे श्वास तुटला नाही. समोरचे लोक डोळे टिपत होते. माझ्या आत मात्र रिकाम्या रांजणासारखी शांतता.

स्वर चुकला नाही. हेच वाईट.

तिकिम्ती १५

जेवलो. झोपलो. नखे कापली.

तिकिम्ती २०

गेल्या आठवड्यात अब्रेहेतने इंजेराचे, म्हणजे आमच्या आंबट जाळीदार भाकरीचे, पीठ आंबवायला ठेवले. तेफ हे आमचे धान्य इथे सोन्यासारखे मोजून मिळते, म्हणून ज्वारी आणि तांदूळ. तिसऱ्या दिवशी वास सुटला आणि नालवोगा कमरेवर हात ठेवून दारात.

"माझ्या घरात दारू गाळायची नाही, सांगून ठेवते! माझा नवरा त्यातच गेला!"

अब्रेहेतने वाद घातला नाही. तिला बसवले, गरम तव्यावरची पहिली इंजेरा समोर पसरली.

"हे खायचं की याने तोंड पुसायचं?"

"आधी खा, मावशी. मग पुसा."

तीन खाल्ल्या. वर मटोक्याची, म्हणजे हिरव्या केळ्यांची, आमटी घेऊन आली आणि म्हणाली, तुमच्या त्या आंबट फडक्याबरोबर ही बरी लागेल. आता रोज दुपारी कॉफीला येते आणि तिसरा पेला झाल्याशिवाय उठत नाही.

धरायला एक बाई झाली. आणि चांगली भक्कम.

तिकिम्ती २१

अब्रेहेतनेही बायकांच्या मरियम मंडळात नाव घातले, मला न विचारता. विचारायची गरजही नव्हती. मीच तिला कसे सुचवावे या विचारात होतो. देव वाट सोपी करतो आहे.

तिकिम्ती २४

सकाळच्या प्रार्थनेहून आलो. उंबऱ्याशी चप्पल काढत होतो.

"आबा, किफ्लेचा फोन आला होता. तुम्ही चर्चमध्ये होतात."

दुसरी चप्पल काढायला मला वेळ लागला.

"काय म्हणाला?"

"जुबाला आहे. कागद अडकलेत. रक्तदाबाची गोळी चुकवू नका म्हणाला."

"आवाज कसा होता?"

"चांगला होता."

भिंतीकडे तोंड करून बसलो आणि विचार केला. आठवड्यांमागून आठवडे गेले, त्याचा फोन नाही. तिच्या मनात धास्ती असणार. पण म्हातारा खचू नये म्हणून स्वतःची धास्ती गिळून हा फोन तिने रचला. केवढे हे मन! आणि मी तिला काय देणार आहे?

गोळी घेतली. तिच्यासमोर, पाण्याचा मोठा घोट घेऊन.

तिकिम्ती २९

आपला संशय आला असे तिला वाटू नये, म्हणून मीही म्हणालो, "बाराखीकडे निरोप आलाय. किफ्लेला बेकरीत काम मिळालं."

तिने माझ्याकडे फार वेळ पाहिले. मग म्हणाली, "बेकरीत बरं. पोटभर खाईल तरी."

फ्रेवेयनी पाटी टाकून उठली. "पण आई, तू तर काल म्हणालीस बाबा गोदामात आहेत!"

"सकाळी बेकरीत," अब्रेहेत म्हणाली, "दुपारी गोदामात."

"मग झोपतात कधी?"

"झोपतो ना," आम्ही दोघेही एकाच वेळी म्हणालो.

त्यानंतर तिघेही जेवायला बसलो.

हिदार ३

त्याला आता एक घोंगडी आहे. खोलीत जोडीदार आहे, तो घोरतो. जुबाचे पाणी त्याला बाधत नाही. घोंगडी मी दिली, घोरणारा माणूस अब्रेहेतने. तो सांगताना ती हसलीसुद्धा. किफ्ले हयात असताना त्याच्याविषयी आम्ही दोघे एवढे कधीच बोललो नव्हतो.

लबाडी हे पाप आहे. ते मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले. आता लबाडी करताना अंगावर काटासुद्धा येत नाही.

हिदार ८, चार सजीवांचा सण

आज त्याचा चाळिसावा. या दिवशी आत्मा सिंहासनासमोर उभा राहतो आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्या नावाने भाकर वाटायची असते. केशी मेल्के, आमचे इथले पुरोहित, यांच्या कानात नाव आधीच घातले होते: किफ्ले नव्हे, बाप्तिस्म्याचे, गेब्रे-किदान. अब्रेहेतला म्हटले, आज प्रार्थना साधीच आहे, तू येऊ नकोस, कामावर जा. ती म्हणाली, तुमचे गुडघे दुखतात आबा, आज घरीच पडा ना. मी गेलोच.

गायकांबरोबर आत उभा होतो. मृतांची नावे म्हणताना मेल्केंनी गेब्रे-किदान म्हटले. थोड्या नावांनंतर पुन्हा, गेब्रे-किदान.

नंतर गाठले त्यांना. "केशी, एकदा म्हटलं तर देवाला ऐकू येत नाही का?"

"मरिगेता, दोनदा दिलं तर दोनदा म्हणावं लागतं." एवढे बोलून ते धूपदान पुसू लागले.

म्हणजे मीच विसरून दोन वेळा सांगितले असणार. वय झाले.

बाहेर पडतो तर फाटकाशी अब्रेहेत! हातात माझी काठी.

"विसरून गेलात. म्हटलं द्यावी."

"कधीची आलीस?"

"आत्ताच. आत नाही गेले."

ती माझा चेहरा न्याहाळत होती, मी तिचा. तिच्या कानावर काही पडलेले दिसले नाही. देवाचे उपकार. आणि पडले तरी काय, गेब्रे-किदान नावाची माणसे आमच्यात कमी आहेत का?

काठी घेतली. दोघे चालत घरी आलो. वाटेत ती म्हणाली, फणस पिकायला लागलेत. मी म्हटले, हो.

हिदार ९

गोळी घेतली. ऊन चांगले पडले होते.

हिदार १८

नाताळाआधीचा उपास चालू आहे. दूध, लोणी, मांस बंद. मला कशाचीच चव लागत नाही, त्यामुळे या वर्षी उपासाचे पुण्य मिळेल असे वाटत नाही.

अब्रेहेतने केस मोकळेच ठेवले आहेत, नुसते फडक्यात बांधते. सेनाफेला दर पंधरवड्याला तिच्या बारीक वेण्या असत. विचारले, तर म्हणाली, "इथे कुणाला येतात आपल्या वेण्या?" बाराखीची बायको सगळ्या मोहल्ल्याच्या घालते असे ऐकले होते. असेल, पटत नसेल दोघींचे.

आज तिने सुताराकडून सहा तिवया आणल्या. नालवोगा अंगणात उभी राहून बघत होती.

"बसणारी बुडं तीन! तिवया सहा!"

"पाहुणे येतील, मावशी."

"एवढे? मग आणखी सहा आण की! मीही एकीवर पुरत नाही."

अब्रेहेत खरेच गेली आणि संध्याकाळी आणखी सहा घेऊन आली. मला हव्या होत्या त्या नेमक्या याच. काय निमित्त सांगून आणाव्यात हे सुचत नव्हते. देव वाट सोपी करतो आहे, हे दुसऱ्यांदा लिहितो.

ताह्सास ५

आज सगळे हातचे जात होते.

दुपारी फाटकाशी एक तरुण आला. हात गळ्यात बांधलेला, अंगावर दुसऱ्याचा कोट. सेनाफेकडचा चेहरा. मी ओसरीवरून पाहिले आणि ओळखले. नाव माहीत नव्हते, पण त्या गाडीतून वाचलेल्याखेरीज आणखी कुणाचा हात असा असणार?

पळत निघालो. या गुडघ्यांनी! पण अब्रेहेत आधीच फाटकात पोचली होती, पदर सावरून त्याच्या पुढ्यात आडवी उभी.

"आबांना बरं नाही. आत्ता नको," ती त्याला म्हणाली. इतकी कडक, की मला लाज वाटली.

तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहायला लागला. त्याचे तोंड उघडले, डोळे भरले. "मरिगेता, मी—"

मी त्याला तिथेच तोडले. "बाळा, प्रार्थनेनंतर ये हो. बाराखीच्या दुकानी भेट. आत्ता नको."

तो बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग आमच्या दोघांच्याही पायांना हात लावला आणि उतारावरून निघून गेला.

"कोण होता ग?" ठाऊक नसल्यासारखे मी विचारले.

"चुकलेला कुणीतरी," अब्रेहेत म्हणाली. "पत्ता विचारत होता."

दारी आलेल्याला पाणीसुद्धा दिले नाही आम्ही. परक्याला घरात घेऊन त्याचे पाय धुणाऱ्या, पवित्र ग्रंथातल्या त्या जुन्या कुलपित्याची कथा मीच शिकवतो!

ताह्सास ६

त्या तरुणाला भेटलो, दुकानामागे. किफ्ले टपावर बसला होता. आतली जागा एका गरोदर बाईला दिली. माती देताना प्रार्थना कोण म्हणाले, असे विचारले. तो म्हणाला, "कुणालाच येत नव्हती, बाबा. आम्ही सगळे नुसतं आमेन म्हणालो."

हे लिहून ठेवतो. याच्याविषयी पुढे केव्हातरी काही वाटेल.

तो गेल्यावर बाराखी माझ्यावर उखडला. पहिल्यांदाच.

"मरिगेता, मला सोडवा या शपथेतून! माझं पोट म्हणजे काय धान्याचं कोठार आहे? तुमच्या एका घराचं मी किती साठवू? जेवण जात नाही माझं. बायको म्हणते, कुठे भानगड आहे का!"

"सणानंतर, बाराखी. अजून तिची माणसं झालेली नाहीत."

"तिची माणसं!" तो म्हणाला. "तुम्ही... तुम्ही दोघं..." आणि एकदम उठून गिऱ्हाईक नसताना जिरे मोजायला लागला.

त्याला त्रास होतो आहे. त्याचे मला वाईट वाटायला हवे.

ताह्सास २९, नाताळ

उपास सुटला. नालवोगाने कोंबडे दिले, अब्रेहेतने बारा तुकडे करून तिखट रश्शात शिजवले. फ्रेवेयनीने बाबांसाठी तंगडी बाजूला काढून झाकून ठेवली. संध्याकाळी अब्रेहेतने ती तंगडी गुपचूप नालवोगाला दिली. मी पाहिले, आणि पाहिले नाही असे केले.

तिरी १२

काल बाप्तिस्म्याचा सण झाला. सरोवराच्या पाण्यावर प्रार्थना. सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवले, पोरे किंचाळली. मी गायलो. पुन्हा सगळे स्वर जागच्या जागी.

पण एक पाहिले. पाण्याच्या काठावर अब्रेहेतचा पाय निसटला, तर चार बायकांनी एकदम हात पुढे केले. चारही जणी तिला नावाने हाक मारत होत्या. नालवोगा पाचवी. ती आमच्या धर्माची नाही, पण पांढरे वस्त्र नेसून आली होती आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती—"अगं माझी पोर!"

माणसे झाली. अंगण आहे. तिवया आहेत. आता थांबायला कारण उरले नाही.

बाराखीकडे गेलो. म्हटले, आठवड्याअखेरीला, पहाटे. केशींना घेऊन ये. बायकाही.

त्याने डोळे मिटून घेतले. "देवा, सुटलो! येतो. सगळ्यांना घेऊन येतो. फक्त एक करा, मरिगेता. त्या दिवशी कुणावर रागावू नका."

मी कशाला रागावू?

तिरी १७

उद्या.

काय बोलायचे ते ठरवून ठेवले आहे. मोठे काही नाही: "पोरी, मन घट्ट कर. किफ्लेबद्दल सांगायचंय." एवढेच मी म्हणायचे, पुढचे केशी म्हणतील. फ्रेवेयनीला बाराखीच्या बायकोजवळ बसवायचे. मी अब्रेहेतला हाताला धरायचे.

आज कॉफी करताना ती म्हणाली, "आबा, आज लवकर झोपा हं. गोळी घेतलीत?" मग माझ्या पायांना तेल लावत बसली. या घरात आल्यापासून कधी लावले नव्हते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उद्या हे डोके जमिनीवर आपटेल, हे मला ठाऊक. आणि ती निवांत तेल लावते आहे.

"या घरी बरं वाटतंय ना, आबा? आता आपली माणसं झाली."

"झाली," मी म्हटले.

अक्षर नेहमीसारखेच येते आहे.

तिरी १८

फाटकाची कडी वाजायच्या आधीच उठलो. तिला उठवायला जावे म्हणून माझ्या खोलीचे दार उघडले, तर बाराही तिवया अंगणात मांडून ठेवलेल्या. दारात अब्रेहेत. अंगावर काळे. तिने माझा हात धरून मला मधल्या तिवईवर बसवले आणि समोर गुडघे टेकले.

"आबा, मन घट्ट करा. किफ्लेबद्दल सांगायचंय."

किफ्ले गेल्याचे सांगणारा तिच्या भावाचा फोन तिला तिकिम्तीतच आला होता. म्हातारा परक्या गावी एकटा कोसळू नये म्हणून तिनेही बाराखीला शपथ घातली होती. अंगण माझ्यासाठी घेतले होते. तिवयाही. बाराखीला तिनेही हीच पहाट सांगितली होती.

फाटकात केशी, बाराखी, सगळे मंडळ येऊन थांबलेले. कुणाला सांगायचे, ते कुणालाच कळेना. शेवटी नालवोगानेच हंबरडा फोडला आणि आम्हा दोघांना मिळून कवेत घेतले.

मी त्याच्यासाठी प्रार्थना धरली, रस्त्याकडेला राहून गेलेली. पहिल्याच वळणावर स्वर चुकला. अब्रेहेतने उचलला, मग अंगणाने.

हे जो वाचील, जो ऐकेल, त्याच्यावर आणि त्याच्या लेकरांवर देवाची दया असो. त्याला रडायचा दिवस आला, तर त्याचे अंगण भरलेले असो. आमेन.